यादीतल्या बायका

"कृष्णाबाईंना उभं करणं सोपं. परवानगी विचारायला नवराच नाही."

चहाचं तबक घेऊन मी सोप्याच्या दाराशी पोचले आणि हे वाक्य कानावर पडलं. बोलणारे बापूसाहेब होते. ते अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, जुने स्नेही आणि आमच्या पेठेतल्या राजकारणी मंडळींचे म्होरके. बैठकीवर पाचसहाजण होते, ते हसले. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. अडलेलं काम सोयीनं सुटलं की माणसं जशी हसतात, तसं ते हसणं होतं. अण्णा हसले नाहीत, पण त्यांनी मान डोलावली. कृष्णाबाई म्हणजे माझी आत्या, अण्णांची धाकटी बहीण. ती त्या वेळी दोन दारांपलीकडे चुलीपुढे बसून दुसऱ्या फेरीच्या चहाचं आधण ठेवत होती. मी एकेकापुढे कपबशी ठेवली. बापूसाहेबांनी माझ्याकडे न बघताच "साखर बेतानं घातलीय ना?" असं विचारलं. मी मान हलवली. ती हललेली मानही त्यांनी न बघताच पाहिली असावी, कारण कप तोंडाला लावून ते लगेच पुढचं बोलू लागले.

म्युनिसिपालिटीत आमच्या भागातून एक जागा बाईसाठी राखून ठेवायची असं नुकतंच ठरलं होतं. बापूसाहेबांच्या गटाला ती जागा दुसऱ्या गटाच्या हाती जाऊ द्यायची नव्हती. जागा हवी तर बाई हवी, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता. तासभर नावं निघत होती आणि बाद होत होती. एकीच्या यजमानांची सरकारी नोकरी, एकीला आठवा महिना, एकीची सासू कजाग. प्रत्येक नाव खोडायला त्या बाईच्या घरातलं कुणीतरी माणूस पुरत होतं. आत्याला तसं कुणीच नव्हतं. तिचं लग्न दुधनीला झालं होतं. चौथ्या वर्षी नवरा गेला आणि ती एक ट्रंक, एक पितळी तांब्या आणि बाजारापुरती कानडी एवढं घेऊन आमच्याकडे परत आली, ती कायमचीच. मी तेव्हा पाळण्यात होते. म्हणजे माझ्या आठवणीत आत्या नसलेलं घरच नाही.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतलं ते घर भाड्याचं होतं. खाली किराणा मालाचं दुकान आणि वर आम्ही. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, त्याच्यावर पेठ घड्याळं लावायची. मागच्या गल्लीत हातमाग होते, त्यांचा खटखट आवाज दिवसभर इतका एकसारखा चालायचा की तो थांबला तरच लक्षात यायचा. आणि आमच्या घराचा स्वतःचा आवाज म्हणजे आत्याचं उखळ. शेंगदाण्याची चटणी ती दुपारी कुटायची. दाणे, लसूण, तिखट, मीठ, आणि मुसळाचा असा दणका की खालचा दुकानदार छताकडे बघून "बाई, दुकानात भूकंप होतोय की!" म्हणून ओरडायचा. ती खिडकीतून त्याला म्हणायची, "संध्याकाळी वाटी पाठवते, तोवर सोसा." कडक भाकरीवर ती तेल सुटलेली चटणी आणि वर कच्चं तेल, हे माझं शाळेतून आल्यावरचं खाणं. मुसळ खाली ठेवलं की आत्या माजघरात सतरंजी टाकायची. गल्लीतल्या आठदहा बायका पाट्या घेऊन जमायच्या आणि ती त्यांना बाराखडी शिकवायची, त्यांची माहेरची पत्रं वाचून दाखवायची, उत्तरं लिहून द्यायची. या सगळ्याला घरात कुणी शाळा म्हणत नसे. "कृष्णेचं दुपारचं" असं म्हणत.

माझी शाळा मात्र खरीखुरी होती. अण्णा वकील, आणि इंग्रजीवाचून पुढे निभाव नाही हे त्यांचं पक्कं मत, म्हणून मला त्यांनी मडमांच्या इंग्रजी शाळेत घातलं. टांग्यात बसून गावाबाहेर जायचं, दिवसभर इंग्रजीत वावरायचं आणि संध्याकाळी पेठेत परत यायचं. त्या रोजच्या जाण्यायेण्यात माझा आवाज वाटेतच कुठंतरी गळून पडला. इंग्रजीत उत्तर मनात तयार असायचं, पण ते उच्चाराच्या भीतीनं बाहेर येत नसे. घरी मराठीत बोलावं तर "मडम काय म्हणतात बघा" अशी थट्टा व्हायची. मग मी गप्प राहायला शिकले. प्रगतिपुस्तकावर दर सहामाहीला एकच शेरा असे, की मुलगी हुशार आहे, पण बोलत नाही. आमच्या एक मिस होत्या, त्या निसर्ग-अभ्यासाच्या तासाला एक वही ठेवायला लावत. झाडाखाली बसा, पक्षी काय करतो ते लिहा, तुम्हाला त्याच्याबद्दल काय वाटतं ते लिहू नका, हा त्यांचा नियम. सोलापूरच्या उन्हात दुपारी कावळ्याचिमण्यांखेरीज काही दिसत नसे. मग मी त्या वहीत मागच्या पानापासून माणसं लिहू लागले. सोप्यात बैठक भरली की कोण कुठं बसतं, कोण बोललं की बाकीचे थांबतात, कुणाचं वाक्य मधेच तोडतात, चहा आधी कुणापुढे जातो. आत्याबद्दल बोलणं चालू असताना आत्याला काय वाटतं, हे विचारायला कुणी आत गेलं का? त्या बैठकीच्या रविवारच्या पानावर मी लिहिलं होतं: गेलं नाही. पुढे कॉलेजात समाजशास्त्राची जाडजूड पुस्तकं वाचली. सत्ता कशी वाटली जाते यावर त्यांत प्रकरणंच्या प्रकरणं होती. प्रत्येक वेळी मला ते तबक आठवायचं.

शेवटी अण्णाच आत गेले. चुलीपासून दोन हातांवर उभे राहून त्यांनी विषय काढला. आत्यानं फुंकणी खाली ठेवली आणि विचारलं, "निवडून आले तर मला तिथं बसून बोलता येईल ना? की तिथंही चहाच करायचा?" अण्णा म्हणाले, "काहीतरीच काय!" ती म्हणाली, "मग उभी राहते." एवढंच. मला ती त्या क्षणी फार वेगळी वाटली. बापूसाहेबांना सोयीचं माणूस हवं होतं आणि त्यांनी चुकून खरंच उभं राहायची इच्छा असलेलं माणूस निवडलं होतं. हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि कदाचित गंगूला.

गंगू आमच्याकडे धुणंभांडी करायची. ती जेऊरकडची, नवरा गिरणीत. मत तेव्हा घर ज्याच्या नावावर लागलेलं त्यालाच असे. गंगूचं घर भाड्याचं, तेही नवऱ्याच्या नावावर, म्हणून तिला मत नव्हतं. आत्या उभी राहणार हे कळल्यावर तिनं राखेचा हात तसाच कमरेवर ठेवला. "बरं झालं. नळाला पानी येत न्हाय ते तुमी सांगा त्यास्नी. आमी सांगितलं तर कोन ऐकतंय?"

"पण गंगे, तुझं मत नाही मला," आत्या हसून म्हणाली.

"मत न्हाय तर न्हाय. त्वांड हाय की!"

उमेदवारीचे अर्ज इंग्रजीत भरायचे होते आणि माझं अक्षर चांगलं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. एक अर्ज आत्याचा. दुसरा बापूसाहेबांच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा. पहिल्या अर्जात काही खोट निघाली तर हाताशी असावा म्हणून दुसरा भरून ठेवतात, नंतर तो मागे घेतात, अशी पद्धत आहे असं बापूसाहेबांनी समजावलं. मी दोन्ही भरले. मग त्यांनी मतदारांची यादी आणून दिली. कचेरीतून आणलेली ती प्रत इंग्रजीत होती. तिच्यातल्या तेवढ्या बायकांची नावं निवडून मराठीत उतरवायची होती.

शाळेला सुटी होती, म्हणून चार दुपारी मी माजघरात बसून ती यादी लिहिली. पलीकडे आत्याचं मुसळ चालू होतं. नाव लिहायचं, घराचा नंबर लिहायचा, आणि नावापुढे ही कुणाची कोण ते लिहायचं. पहिल्या पानावर माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या पानावर मी थांबले. नावापुढे पुन्हा पुन्हा तोच शब्द येत होता. अमक्याची विधवा. तमक्याची विधवा. मधेच एखादी कुणाची पत्नी, मग पुन्हा विधवांची रांग. मी आत्याला ओळीनं वाचून दाखवलं. मुसळ थांबलं.

"साहजिक आहे," ती म्हणाली. "नवरा आहे तोवर घर नवऱ्याचं, मतही नवऱ्याचं. तो गेला आणि दिरांनी बाहेर काढलं नाही, तर घर हिच्या नावावर लागतं. तेव्हा कुठं सरकारला ही दिसते." मग यादीकडे वाकून बघत हसली. "सगळ्या माझ्याच गोतातल्या निघाल्या गं, इंदे."

मी ते वहीत लिहिलं. कुणाला सांगितलं नाही. यादी बापूसाहेबांकडे गेली. त्यांनी पानं उलटून अक्षराचं कौतुक केलं आणि ती कोटाच्या खिशात घातली.

पुढच्या रविवारी बैठकीत प्रचाराचा विषय निघाला. बायकांची सभा घ्यावी असं अण्णा म्हणाले. बापूसाहेबांनी ते हातानं झटकून टाकलं. "सभेला कोणती बाई येतीय, अण्णा? चैत्र चालू आहे. आमच्याकडे हळदीकुंकू ठेवू, झाडून सगळ्या येतील बघा. डाळ खातील, पन्हं पितील, मत कुणाला ते जाताजाता सांगून टाकू." सगळ्यांना ते इतकं पटलं की दोघंतिघं एकदमच वा वा म्हणाले. मी साखरेचं भांडं घेऊन उभी होते. हळदीकुंकू हे सवाष्णींचं. विधवेला तिथं बोलावत नाहीत, आणि ती आपणहून येत नाही. ज्यांची मतं मागायची त्या बहुतेक विधवा, आणि ज्या बाईसाठी मागायची तीही विधवा. एवढी शिकलेली माणसं तिथं बसली होती, दोन वकील, एक डॉक्टर, एक निवृत्त हेडमास्तर, आणि कुणाच्याही हे डोक्यात आलं नाही. ती मूर्ख होती असं नाही. हळदीकुंकवात काय चालतं ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी बायका जमतात ती जागा म्हणजे हळदीकुंकू, आणि तिथून ज्या वगळल्या जातात त्या त्यांच्या नजरेतूनही आपोआप वगळल्या गेल्या होत्या. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी साखरेचं भांडं खाली ठेवलं आणि आत आले. आज इतक्या वर्षांनी लिहिताना त्या भांड्याच्या झाकणाचा आवाजसुद्धा मला ऐकू येतो.

आत्याला आईनं सांगितलं. आईचे डोळे भरले होते, आत्याचे नाही. ती म्हणाली, "डाळ मी वाटते, वहिनी. मागच्या बाजूनं जाऊन तिथल्या स्वयंपाकघरात बसेन. माझ्या हातची डाळ तरी मतदारांपर्यंत पोचू दे."

त्या दिवशी ऊन असं होतं की रस्त्यावर टांग्याचे घोडेसुद्धा भिंतीच्या कडेनं चालत होते. बापूसाहेबांच्या दिवाणखान्यात वाळ्याचे पडदे सोडून त्यांवर पाणी मारलं होतं. चैत्रगौर पाळण्यात बसवली होती, पुढे कलिंगडाची कमळं कापून ठेवली होती, आणि मोगऱ्याच्या वासात कैरीचा वास मिसळला होता. काकूंनी पैठणी नेसली होती. काकू वाईट नव्हत्या, हे मला लिहिलंच पाहिजे. दर उन्हाळ्यात त्या आत्यासाठी आंब्यांची टोपली पाठवत, आणि आपलाही अर्ज भरलाय हे त्यांना सही करून झाल्यावर कळलं होतं. त्या पुढे कुंकवाचा करंडा घेऊन आणि मी मागे गुलाबदाणी घेऊन, अशा आम्ही ओळीनं फिरत होतो. पेठेतल्या ओळखीच्या बायका गालिच्यावर बसल्या होत्या. इतर पेठांतल्या, कोष्ट्यांच्या, कासारांच्या, ज्यांना या घरात प्रथमच बोलावणं होतं, त्या दाराकडच्या चटयांवर. पन्हंही दोन वेगळ्या पातेल्यांतून वाढायचं असं मला सांगितलं होतं, आणि मी ते तसंच वाढत होते. तेही मी वहीत लिहिलं. मात्र वाढणारी मीच होते, हे लिहायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

दाराशी शेवटच्या चटईवर एक उंच, सावळी बाई बसली होती. हिरवं लुगडं, हातात काही नाही, कपाळही मोकळं. काकूंचा कुंकू लावायला गेलेला हात तिच्यापुढे हवेत थांबला आणि पुढच्या बाईकडे वळला. ती बाई हलली नाही. काकू पुढे गेल्यावर तिनं माझ्या परकराचं टोक धरलं.

"ए अम्मा, मी नरसम्मा. तिकडं माझे चार माग हायत. यादीत नाव असलं त्यांना बोलावलंय असं कळलं म्हणून आले. मत ज्या बाईला द्यायचं ती बाई कुठली?"

मी उभी. आसपासच्या बायकाही आता माझ्याकडे बघत होत्या. मला फक्त "आत आहे" असं म्हणायचं होतं. दोन शब्द. मी खाली पाहिलं, मग का कुणास ठाऊक, काकूंच्या पाठीकडे पाहिलं. "असं होय, त्या होय," असं म्हणत बायकांनी माना डोलावल्या. नरसम्मानंही डोलावली. माझ्या गप्प राहण्यानं आत्याच्या जागी काकू उमेदवार झाल्या, आणि हे सगळं एका श्वासात झालं.

आमच्याकडून मदतीला आलेली गंगू तेवढ्यात रिकामी भांडी न्यायला आली होती, तिनं ते ऐकलं. "अवो, त्या न्हवं!" तिचा आवाज दिवाणखान्यात असा घुमला की पाळण्यातली गौरसुद्धा दचकली असेल. "उबी ऱ्हायलेली बाई आत हाय की! मगाधरनं खोबरं खवतीया!"

"आत का बसवलीया?" नरसम्मानं विचारलं.

गंगूनं तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं. "तुमाला काकूंनी कुंकू का लावलं न्हाय?"

नरसम्मा उठली. कुणाला न विचारता दिवाणखाना ओलांडून सरळ स्वयंपाकघरात गेली. तिच्यामागून चटईवरच्या आणखी काहीजणी गेल्या. मग आतून आत्याचा आवाज यायला लागला. आधी मराठी, मग एका अक्कलकोटकडच्या बाईशी कानडी. नळाचं पाणी, गटार, बाळंतपणाला बाई वेळेवर न मिळणं. दुपारी माजघरात पत्रं वाचताना जसा असायचा तसाच तो आवाज होता, फक्त थोडा मोठा. बोलता बोलता ती उंबऱ्यापर्यंत आली. खोबरं लागलेला हात तिनं पदरापासून लांब धरला होता. गालिच्यावरच्या दोन म्हाताऱ्या तेवढ्यात उठल्या. "सणाचं घर आहे, काही रीतभात?" असं एक पुटपुटली आणि त्या डाळ न खाताच निघून गेल्या. काकूंनी करंड्याला झाकण लावलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे सगळं माझ्यामुळे झालं. तसं पाहिलं तर झालंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा कोर्टात जायच्या तयारीत असताना बापूसाहेब आले. बरोबर हेडमास्तर होते. अर्ज मागे घ्यायची मुदत दुपारपर्यंत होती. बापूसाहेब रागावलेले नव्हते, आणि तेच मला जास्त भीतीदायक वाटलं. "काल जे झालं ते झालं," ते म्हणाले. "पण त्यातून एक कळलं. बायकांची मतं सवाष्ण बाईला पडतात. लोकांच्या भावना आहेत, त्याला आपण काय करणार? आमच्या घरचा अर्ज आहेच. कृष्णाबाईंचा मागे घेऊ. पुढचं सगळं मी बघतो, आमच्या हिनं नुसतं जाऊन बसायचं."

अण्णांनी आत्याला हाक मारली. ती माजघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली.

"कृष्णे," अण्णा म्हणाले, "तुझ्या मनाविरुद्ध काही करायचं नाही हं."

"माझ्या मनात काय आहे ते कुणी विचारलं, तर ते मनाविरुद्ध आहे की नाही ते कळेल, अण्णा."

मागच्या गल्लीतले माग तेवढे ऐकू येत होते. मग बापूसाहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "कृष्णाबाई, भावानं तुम्हाला इतकी वर्षं सन्मानानं सांभाळलंय. त्याला गावात मान खाली घालायला लावू नका."

अण्णांनी या वाक्याला हरकत घ्यायला हवी होती. त्यांनी कोटाचं बटण लावलं. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं, आणि मी तिचा चेहरा मिटताना पाहिला. घराचं दार लोटून घ्यावं तसा तो मिटला. "सही कुठं करायची?" तिनं विचारलं.

"इंदू, कागद घे," बापूसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुझं इंग्रजी छान. चार ओळी लिही. अर्ज मागे घेत आहे."

मी कागद घेतला. दौत पुढे ओढली. टाक बुडवला. आज हे सांगताना मला लाज वाटत नाही, की तोवर मी लिहिणारच होते. माझा हात सवयीनं चालला होता, जसा तो साखरेच्या भांड्यावर, दोन पातेल्यांवर आणि गुलाबदाणीवर चालला होता. फक्त एक अडचण आली. कारणाची जागा रिकामी होती. मी वर पाहिलं.

"कारण?" हेडमास्तर म्हणाले. "प्रकृती अस्वास्थ्य. तेच लिहितात."

उंबऱ्यावर बसलेली आत्या काल खोबरं खवताना चिरलेलं आपलं बोट बघत होती. पहाटे उठून तिनं पाणी भरलं होतं, भाकऱ्या थापल्या होत्या, आणि आतल्या उखळात काल अर्धवट कुटून राहिलेली चटणी तशीच होती.

इथं थांबून पुढचं एक सांगून टाकते. त्या निवडणुकीत आत्या हरली. किती मतांनी ते मला आठवत नाही, तिला शेवटपर्यंत आठवत होतं. ज्या बायकांनी मतं दिली त्यांतल्या कितीतरी जणी पुढे वर्षानुवर्षं नळाचं आणि गटाराचं गाऱ्हाणं घेऊन म्युनिसिपालिटीत न जाता आमच्या जिन्यावर येत, आणि ती त्यांना पायरीवर बसवून अर्ज लिहून देई. नरसम्मा दर दिवाळीला लुगडं घेऊन येई, हिरवंच. लोक मला विचारतात, बोलायला तुम्ही कधी शिकलात? त्यांना वाटतं कॉलेजात, व्यासपीठावर, वादविवादाच्या स्पर्धेत. मी हसते. त्या सकाळी माझ्या टाकावरून शाईचा एक थेंब कोऱ्या कागदावर पडला आणि पसरत गेला. सगळे त्या थेंबाकडे बघत होते. मी टाक दौतीशेजारी ठेवला. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, बारीक आणि थोडा कापरा, पण तो थांबला नाही.

"बापूसाहेब, ती यादी मी लिहिलीय. तिच्यातल्या बहुतेक बायका विधवा आहेत, आणि काल त्यांच्यातल्या एकीलाही तुम्ही बोलावलं नव्हतं. नवरा नाही म्हणून तुम्ही आत्याला उभं केलंत. नवरा नाही म्हणूनच त्यांना मत आहे. आत्याची प्रकृती ठणठणीत आहे. मी हे लिहिणार नाही."